विश्लेषण : बाळाची पहिली हालचाल कधी जाणवते? ती मंदावली तर काय करावे?

गरोदरपणाच्या तपासणीत एका टप्प्यानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘बाळ फिरतंय ना?’ घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी ही महापालिकेची रुग्णालये असोत की बोरिवली-मुलुंडमधील एखादे छोटे प्रसूतिगृह, रक्तदाब आणि वजनाइतकाच हा प्रश्न नेहमीचा. पण बाळ कधीपासून फिरायला हवे, किती फिरायला हवे आणि कमी फिरू लागले तर किती वाट पाहायची, याची उत्तरे घरोघरी वेगवेगळी मिळतात. त्यातील काही समज निरुपद्रवी आहेत. काही मात्र बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

पहिली हालचाल साधारण कधी जाणवते?

बहुतेक स्त्रियांना बाळाची पहिली हालचाल १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान जाणवते. पहिलटकरणीला ती बहुधा १८ ते २० आठवड्यांनंतर, म्हणजे पाचव्या महिन्यात कळते. काहींना २० आठवडे उलटून गेल्यावरच कळते. दुसऱ्या खेपेस हीच जाणीव १६ आठवड्यांच्या सुमारास होऊ शकते. त्या वेळी बाळ अधिक लवकर हलू लागते असे नाही. आईला ती संवेदना आधीपासून ओळखीची असते, एवढाच फरक.

हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. घरातील मोठी माणसे महिन्यांत हिशेब करतात आणि डॉक्टर आठवड्यांत, त्यामुळे ‘पाचवा लागला तरी काही कळत नाही’ अशी काळजी अनेकदा विनाकारण असते. पाचवा महिना नुकताच लागला म्हणजे साधारण १८ आठवडे झालेले असतात. तोवर काहीच न जाणवणे पहिल्या गरोदरपणात अगदी स्वाभाविक आहे.

बाळ त्याआधी हलत नाही का?

हलते. सोनोग्राफीत सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच गर्भाची सूक्ष्म हालचाल दिसू शकते. तेव्हा गर्भाची लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर असते आणि गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आड असते. भोवती गर्भजल असल्याने एवढ्या लहान जिवाचा धक्का गर्भाशयाच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. साधारण १२ आठवड्यांनी गर्भाशय ओटीपोटातून वर येऊ लागते, २० आठवड्यांना ते बेंबीपर्यंत पोहोचते. बाळाचे वजन तोवर ३०० ग्रॅमच्या आसपास गेलेले असते. हातपाय भिंतीवर आपटले, तर आता ते आईला कळण्याइतके जोर धरतात.

ती ओळखायची कशी?

सुरुवातीला लाथ वगैरे जाणवत नाही. पोटात बुडबुडा फुटल्यासारखे, फुलपाखरू फडफडल्यासारखे किंवा मासोळी सळसळल्यासारखे वाटते. गॅस झाला असेल, असे समजून अनेकजणी ते सोडून देतात. पुढे दोन-तीन आठवडे हालचाल अधूनमधूनच कळते. एखाद्या दिवशी दोनदा, तर दुसऱ्या दिवशी एकदाही नाही, असेही होते. २४ आठवड्यांच्या पुढेमागे ढुशा, लाथा, कूस बदलणे स्पष्ट कळू लागते आणि पोटावर हात ठेवलेल्या घरच्यांनाही ते जाणवते. ठरावीक लयीत, घड्याळाच्या ठोक्यांसारखे काही वेळ जाणवणारे हलके धक्के म्हणजे बहुधा बाळाच्या उचक्या. त्या घातक नसतात, मात्र हालचालींच्या हिशेबात त्या धरत नाहीत.

उशिरा जाणवली तर काळजीचे कारण आहे का?

बऱ्याचदा नाही. उशिराचे एक नेहमीचे कारण म्हणजे वारेची जागा. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या ‘अॅनोमली स्कॅन’च्या अहवालात अनेकींना ‘अँटेरियर प्लासेंटा’ असे शब्द दिसतात. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाळ आणि आईच्या पोटाची भिंत यांच्यामध्ये ती उशीसारखी येते. त्यामुळे सुरुवातीचे धक्के त्यातच जिरतात. पाळीची तारीख चुकीची धरली गेली असेल, तरीही आठवड्यांचा हिशेब पुढेमागे होतो.

तरी एक मर्यादा लक्षात ठेवावी. २४ आठवडे पूर्ण होऊनही एकदाही हालचाल जाणवली नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. बाळाचे ठोके तपासले जातात आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी केली जाते.

पूर्वी या पहिल्या हालचालीला इतके महत्त्व का होते?

गर्भ राहिल्याची चाचणी आणि सोनोग्राफी येण्यापूर्वी गर्भ राहिला आहे आणि तो जिवंत आहे, याची आईला मिळणारी सर्वांत खात्रीची खूण हीच होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगून गर्भवतीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची स्त्री, म्हटले आहे. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला मानला जातो.

कायद्यातही या खुणेचा ठसा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३१२ मध्ये बेकायदा गर्भपातासाठी तीन वर्षांपर्यंत, तर गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही हा फरक कायम आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने मात्र आईच्या जाणिवेऐवजी आठवड्यांची मोजणी आधार मानली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा २४ आठवडे झाली. वैद्यकशास्त्रातही ‘गर्भ आहे का’ हे ठरवण्यासाठी आता हालचालीची गरज उरलेली नाही. तिचा उपयोग बदलला आहे : बाळ पोटात बरे आहे का, हे रोज सांगणारी ती खूण बनली आहे.

बाळाने दिवसभरात किती हलायला हवे?

सगळ्या बाळांना लागू पडेल असा एक आकडा नाही. एखादे बाळ सतत चुळबुळ करते, एखादे शांत असते. हालचाल साधारण ३२ आठवड्यांपर्यंत वाढत जाते आणि मग त्याच पातळीवर राहते. दुपारनंतर आणि संध्याकाळी-रात्री ती अधिक जाणवते. बाळ पोटात झोपतेही. एक झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची असते आणि निरोगी बाळाच्या बाबतीत ती ९० मिनिटांपलीकडे क्वचितच जाते. त्यामुळे तासभर शांतता म्हणजे लगेच संकट नव्हे.

महत्त्वाची असते ती त्या बाळाची स्वतःची लय. रात्री जेवल्यानंतर आई आडवी झाली की रोज उसळी मारणारे बाळ एखाद्या रात्री गप्प राहिले, तर तो बदल महत्त्वाचा. जावेचे किंवा मैत्रिणीचे बाळ किती हलत होते, याच्याशी तुलना उपयोगाची नाही. साधारण २८ आठवड्यांपर्यंत, म्हणजे घरी डोहाळजेवणाची तयारी सुरू होते त्या सुमारास, ही लय आईला ओळखीची झालेली असते.

रोज मोजून लिहून ठेवावे का?

याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. आपल्याकडे अनेक डॉक्टर जेवणानंतर डाव्या कुशीवर झोपून हालचाली मोजायला सांगतात. दोन तासांत दहा हालचाली हा त्यातील एक प्रचलित निकष. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा हालचाली जाणवायला सरासरी २१ मिनिटे लागल्याचे दिसले होते.

मात्र सर्वांना रोज मोजायला लावल्याने बाळे वाचतात का? १९८९ मध्येच ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या, सुमारे ६८ हजार स्त्रियांच्या चाचणीत तसा फायदा आढळला नाही. २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात ‘अफर्म’ चाचणीचे निष्कर्ष आले. ब्रिटन आणि आयर्लंडमधील ३३ रुग्णालये आणि चार लाख नऊ हजारांहून अधिक गरोदरपणे त्यात होती. हालचालींबाबत जागरूकता आणि ती कमी झाल्यास ठरावीक उपचारपद्धती, असा उपक्रम राबवूनही मृतजन्मांत सांख्यिकीयदृष्ट्या ठोस घट दिसली नाही. कळा आणवून केलेली बाळंतपणे आणि सिझेरियन मात्र वाढले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या शिफारशींत रोजची मोजणी केवळ संशोधनापुरती ठेवावी, असे म्हटले. त्याच वेळी शेवटच्या तिमाहीत हालचालींकडे लक्ष देणे आणि त्या कमी झाल्यास कळवणे महत्त्वाचे आहे, हेही सांगितले.

या सगळ्याचा अर्थ एवढाच : वहीतील आकड्यापेक्षा बाळाची लय ओळखणे महत्त्वाचे. डॉक्टरांनी मोजायला सांगितले असेल, तर जरूर मोजावे. मधुमेह, उच्च रक्तदाब, बाळाची वाढ कमी असणे अशा कारणांसाठी ते सांगितलेले असू शकते. पण ‘दहा झाल्या, आता चिंता नाही’ अशी समजूत करून घेऊ नये. दहा झाल्या तरी नेहमीपेक्षा हालचाल मंद वाटत असेल, तर दाखवायलाच हवे.

उपनगरांतील धावपळीत ही हालचाल का निसटते?

आई चालत-फिरत असताना, कामात असताना बाळाचे अनेक धक्के तिच्या लक्षात येत नाहीत. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला रोज लोकलने जाणाऱ्या, घाटकोपर-अंधेरी मेट्रोच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीचा दिवस असाच जातो. घरकाम करणाऱ्या, चार घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला तर दुपारी पाठ टेकायलाही सवड नसते.

त्यात कायद्यातील रजेचा हिशेब. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. त्यातील आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. बाळासोबत अधिक दिवस मिळावेत म्हणून अनेकजणी शेवटपर्यंत कामावर जातात. हालचालींवर लक्ष ठेवायचे ते नेमके महिने असे प्रवासात सरतात. यावर साधा उपाय म्हणजे रोज एक ठरावीक वेळ, शक्यतो रात्री जेवणानंतरची, बाळासाठी राखून ठेवणे. फोन बाजूला ठेवून, कुशीवर झोपून, पोटावर हात ठेवून लक्ष दिले, तर बाळाचा रोजचा क्रम चटकन कळतो. तो कळला, तरच त्यातील बदल कळेल.

कोणते समज घातक आहेत?

‘शेवटच्या महिन्यात जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलते,’ हा त्यातील सर्वांत घातक समज. शेवटी हालचालींचा प्रकार बदलतो. मोठ्या लाथांऐवजी ढकलल्यासारखे, सरकल्यासारखे वाटते. मात्र हालचाल कमी होणे स्वाभाविक नाही. कळा सुरू होईपर्यंत आणि कळा सुरू असतानाही बाळ हलत राहायला हवे.

दुसरा समज, ‘गोड खा, थंड पाणी पी, हलेल.’ खायला हरकत नाही, पण त्याचा परिणाम पाहण्यात अर्धा दिवस घालवणे धोक्याचे. तिसरा, घरी वापरायच्या डॉपलर यंत्रावरचा भरवसा. ऑनलाइन मिळणाऱ्या या यंत्रात आईच्याच नाडीचा किंवा वारेतील रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचे ठोके म्हणून ऐकू येऊ शकतो. शिवाय ठोके ऐकू आले म्हणजे बाळ बरे आहे, असे होत नाही. मोबाइलवरील मोजणीची अॅप नोंद ठेवू शकतात, निदान करू शकत नाहीत.

आणि चौथा, ‘उजवीकडे हलले तर मुलगा’, ‘लवकर हलले तर मुलगा’. हालचालीची बाजू, वेळ किंवा जोर यांचा लिंगाशी काहीही संबंध नाही. गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण अशा तर्कांमुळे होणारे नुकसान वेगळे : घरचे लक्ष मुलगा की मुलगी याकडे जाते आणि ‘बाळ नेहमीसारखे हलते आहे का’ हा खरा प्रश्न मागे पडतो.

हालचाल मंदावली, तर नेमके काय होत असू शकते?

वारेतून प्राणवायू आणि पोषण कमी मिळू लागले, की बाळ ऊर्जा वाचवण्यासाठी हालचाल कमी करते. म्हणजे ठोके मंदावण्याच्या बरेच आधी ही खूण मिळू शकते आणि ती फक्त आईलाच कळते. मृतजन्म झालेल्या अनेक मातांनी, आदल्या दिवसांत हालचाल कमी झाल्याचे जाणवले होते, असे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत सांगितले आहे.

हा प्रश्न लहान नाही. २८ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मले, तर आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी त्याला मृतजन्म मानतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २० लाख मृतजन्म झाले. त्यातील सुमारे तीन लाख ४० हजार भारतातील, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा अधिक. हे प्रमाण २०३० पर्यंत दर हजारी एक आकडी करण्याचे उद्दिष्ट केंद्राच्या २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात आहे.

घाबरवण्याचे मात्र कारण नाही. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एकदा हालचाल कमी झाल्याची तक्रार असलेल्या सुमारे ७० टक्के गरोदरपणांत पुढे गुंतागुंत होत नाही. पण आपण त्या ७० टक्क्यांत आहोत की उरलेल्यांत, हे घरी बसून कळत नाही.

मग करायचे काय?

नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली, तर कुशीवर झोपून शांतपणे लक्ष द्यावे. शंका राहिली किंवा हालचाल जाणवलीच नाही, तर त्याच दिवशी, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. ‘सकाळी बघू’, ‘हे कामावरून आले की जाऊ’, ‘परवा तपासणीची तारीख आहेच’ हे टाळावे. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयातील प्रसूतिकक्ष सुरू असतो. जिथे नाव नोंदवले आहे तिथे जावे. ते दूर असेल किंवा बंद असेल, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. १०८ आणि गरोदर स्त्रियांसाठीची १०२ ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. सोबत रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा पोटदुखी असेल, तर अजिबात वेळ दवडू नये.

रुग्णालयात आधी बाळाचे ठोके ऐकले जातात. साधारण मिनिटाला ११० ते १६० ठोके अपेक्षित असतात. २८ आठवड्यांनंतर बहुधा ‘एनएसटी’ केली जाते. त्यात पोटावर पट्टे बांधून किमान २० मिनिटे ठोक्यांचा आलेख घेतात आणि बाळ हलले की ठोके वाढतात का, ते पाहतात. गरज वाटल्यास सोनोग्राफीत बाळाची वाढ, गर्भजल आणि रक्तप्रवाह तपासतात. सर्व ठीक असेल, तर स्त्री घरी परतते. पुन्हा हालचाल कमी वाटली, तर पुन्हा जावे. ‘मागच्या वेळी उगाच गेलो’ या संकोचाने दुसऱ्यांदा थांबणे अधिक धोक्याचे, कारण पुन्हा पुन्हा कमी होणारी हालचाल डॉक्टर अधिक गांभीर्याने घेतात.

सरकारी नोंदीत याला जागा आहे का?

आहे. सरकारी आणि पालिका केंद्रांत मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर गर्भाच्या हालचालीचा स्वतंत्र रकाना असतो : नेहमीसारखी, कमी की नाही. तो रकाना आईच्या उत्तरावरच भरला जातो. दर महिन्याच्या ९ तारखेला २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथेही हालचालीबद्दलची शंका मोकळेपणाने विचारता येते. ती तपासणी महिन्यातून एकदा असते, हालचालीकडे लक्ष मात्र रोजचे.

माहेरी जाताना काय लक्षात ठेवावे?

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत उपनगरांतील अनेक मराठी घरांत आजही आहे. सातव्या-आठव्या महिन्यात अंधेरी किंवा घाटकोपरहून कोकणात, साताऱ्याकडे किंवा खानदेशात गेलेल्या स्त्रीचे डॉक्टर मुंबईतच राहतात आणि नव्या गावात तिचे नाव कुठेच नोंदलेले नसते. हालचाल कमी झाली, तर जायचे कुठे, याचा विचार तेव्हा सुरू होतो. म्हणून निघतानाच तपासणीची फाइल, सोनोग्राफीचे अहवाल आणि माता-बाल कार्ड सोबत घ्यावे. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथे नाव नोंदवावे. रात्री प्रसूतितज्ज्ञ असलेले आणि सिझेरियनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तिथे जायला वाहन कोणते, हे घरच्यांनी ठरवून ठेवावे. १०८ राज्यभर चालते.

उरते ते घरातल्यांचे काम. रात्री ‘आज बाळ शांत वाटतंय’ असे गरोदर स्त्रीने म्हटले, तर तिला धीर देऊन झोपवू नये. आज दिवसभरात नेहमीसारखे हलले का, एवढे विचारावे आणि तिचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असेल, तर फाइल घेऊन तिच्यासोबत निघावे.